जमिनीचा एजंट नक्की कोणाचा माणूस?

गडगेकर:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी गुहागर तालुक्यात जमिनी-घरांचं काम करतो, म्हणजे एजंट. दलाल म्हणा हवं तर, गावात तेच म्हणतात. मोठे प्रोजेक्ट वगैरे काही नाही, जुनी घरं, कलमांच्या बागा, वरकस जमीन असले छोटे व्यवहार.

आत्ता एक घर आलंय विकायला. सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) कडेला चिरेबंदी घर, गावठाणातली जागा त्यामुळे शेतकरी दाखल्याची भानगड नाही, मागे चार कलमं, एक फणस आणि बाव, म्हणजे विहीर. मालक आजोबा-आजी दोघंच, मुलगा विरारला, त्याला गावात इंटरेस्ट नाही. गिऱ्हाईक पुण्याचं जोडपं, रिटायर होऊन कायमचं इथेच राहायचं म्हणतायत. नोव्हेंबरात बघून गेले. बाईंनी स्वतः रहाट ओढून कळशी काढली, पाणी पिऊन बघितलं, एकदम खूष. आणि ते अंगणात फोटो काढत होते तेव्हा आजोबांनी मला पडवीत घेऊन सांगितलं की बाव मार्चअखेर तळाला जाते, नंतर पाऊस लागेपर्यंत टँकर, ते तेवढं बोलू नकोस.

मी दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेतो, आमच्याकडे तीच पद्धत आहे. मग मी कोणाचा माणूस? आजोबांनी विश्वासाने सांगितलेलं पुणेकरांना सांगू का? नाही सांगितलं तर ते खोटं बोलणं झालं का? "कायदा बघ" एवढंच नको, धंद्यातले, जमीन घेतलेले, विकलेले अशा सगळ्यांनी लिहा.


पुणेरी_मी:

यात प्रश्न काय आहे तेच कळलं नाही. सांगायचं. ज्याच्याकडून पैसे घेता त्याला माहीत असलेली गोष्ट लपवायची म्हणजे फसवणूक. धागा संपला.


आंबोळी:

पुणेकरांनी दुसऱ्याच मिनिटाला धागा संपवला, दुपारी एकच्या आत आवरायचं असेल :)

गडगेकर, सोपा उपाय, मे महिन्यात परत दाखवायला न्या. बाव स्वतःच बोलेल.


चाकरमानी_दादर:

एजंट आणि नीतिमत्ता एकाच धाग्यात बघून हहपुवा (हसून हसून पुरेवाट) झाली.

आमचा अनुभव ऐका. काकांनी राजापूरकडची कातळाची जमीन विकली. एजंट गावातलाच, रोजचा उठबस असलेला, काकांना म्हणाला गुंठ्याला नव्वद हजाराच्या वर कोणी देत नाही भाऊ, कातळावर कुत्रं पण बसत नाही. काका तयार झाले. खरेदीखताच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसबाहेर टपरीवर सगळे चहा पितायत, सर्व्हर डाऊन म्हणून नंबर लागत नव्हता, आणि घेणाऱ्याची बायको सहज काकूला म्हणाली की आम्हाला गुंठा दीड लाखाला जरा महागच पडला पण जागा आवडली. काकूच्या हातात बशी तशीच राहिली. एजंट तिथेच उभा, मोबाईलमध्ये बघतोय. मधले साठ हजार गुंठ्यामागे "ओव्हर". वर काकांकडून दोन टक्के ठरलेले ते वेगळेच!

आणि तो काय म्हणाला? म्हणाला काका तुम्हाला तुमचा भाव मिळाला ना मग तुम्हाला काय त्रास. अजून शिमग्याला पालखीसमोर भेटतो, नमस्कार करतो.


गडगेकर:

@चाकरमानी, ओव्हर मी खात नाही. पण खोटं कशाला बोलू, आमच्याकडे अर्ध्याहून जास्त व्यवहार ओव्हरवरच चालतात. मालकच सांगतो मला एवढे हातात दे, वरचे तुझे. ती तर त्याची संमती झाली ना? मग ते चूक की बरोबर?


सनदवाली:

मी रत्नागिरीला वकिली करते, दिवाणी जास्त. तुम्ही "कायदा बघ" नको म्हणालात तरी दोन गोष्टी लिहितेच, कारण लोकांची समजूत आहे की एजंटला कसलाच कायदा लागू नाही.

रेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्पांसाठीचा २०१६ चा कायदा. त्यात कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रोजेक्टमधला फ्लॅट किंवा प्लॉट विकायला मदत करणाऱ्या एजंटने नोंदणी करायलाच पाहिजे, कलम १० मध्ये त्याने काय करायचं नाही ते आहे, खोटी माहिती द्यायची नाही, नोंदणी नसलेला प्रोजेक्ट विकायचा नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, ग्राहकाला हक्काची कागदपत्रं मिळवून द्यायची. महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने, तर १ जानेवारी २०२४ पासून परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र घेणं सक्तीचं केलंय. नोंदणी न करता काम केलं तर दिवसाला दहा हजार दंड, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर प्रोजेक्टच नोंदवायला लागत नाही, आणि आजोबांचं जुनं घर हा प्रोजेक्टच नव्हे. म्हणजे गडगेकरांच्या धंद्यातला बहुतेक भाग रेराच्या बाहेर. कोकणात एजंटगिरी जिथे सगळ्यात जास्त चालते तिथे रेरा पोचतच नाही, हे खरं दुखणं.

म्हणून जुने कायदे बघायचे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि त्याने नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष मालमत्तेत किंवा हक्कात असेल तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, न सांगणं ही फसवणूक धरली जाते. नोव्हेंबरात भरलेली बाव एप्रिलमध्ये आटते हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? तेव्हा गुपित राखायला आजोबा तुम्हाला सांगतायत ते मुळात त्यांनाच राखता येत नाही. तुम्ही पुणेकरांकडे जायच्या आधी आजोबांकडे जा आणि हे समजावा.

आणि ओव्हर. १८७२ चा करार कायदा, कलम २१३ ते २१८ वाचा. एजंटने मालकाच्या वतीने घेतलेली रक्कम मालकाची, हिशेब द्यायचा, मालकाला अंधारात ठेवून मधे स्वतःचा फायदा केला तर तो मालक मागू शकतो. खरा आकडा माहीत असताना मालक "वरचे तुझे" म्हणाला तर गोष्ट वेगळी. पण दीड लाखाचं गिऱ्हाईक खिशात ठेवून नव्वदच्या वर कोणी देत नाही म्हणून सांगितलं तर ती संमती नव्हे.


तिखट_सोलकढी:

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


कातळवासी:

वकीलबाई, मान्य, पण बाव आटणं हा दोष कसा काय? आमच्या सगळ्या सड्यावर एप्रिलला बावी आटतात. तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्यातून सगळा खाली झिरपून खाडीला जातो, हे चौथीतल्या पोराला माहीत आहे. उद्या म्हणाल पावसात कौलं गळतात ते सांगितलं नाही, गांधीलमाशी सांगितली नाही, वानर सांगितले नाहीत. कोकणात जागा घेणाऱ्याने शेजाऱ्याला विचारावं की, एक चक्कर वाडीत मारावी. सगळं एजंटनेच सांगायचं तर गिऱ्हाईकाने डोकं कशाला आणलंय?


पुणेरी_मी:

@कातळवासी, तुम्हाला चौथीत माहीत होतं कारण तुम्ही तिथले. आम्ही दोन टक्के कशाचे देतो मग? दार उघडून दाखवायचे? जी गोष्ट वाडीतल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि फक्त पैसे देणाऱ्याला माहीत नाही, तीच सांगण्याचे ते पैसे आहेत.

वानर मात्र खरंच सांगायला हवे होते, माझ्या मेहुण्याने दापोलीला घेतलंय, पहिल्या वर्षी एक केळं हाताला लागलं नाही.


आंबोळी:

वानरांना पण दोन टक्के द्या.


निवृत्त_भाऊसाहेब:

मी महसूल खात्यात तलाठी होतो, आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सगळं आयुष्य सिंधुदुर्गात गेलं. एजंट लोक रोज दफ्तरात यायचे, त्यामुळे बरे-वाईट दोन्ही बघितलेत.

पाण्याबद्दल सांगणं-न सांगणं हे मला तसं किरकोळ वाटतं, टँकर आणता येतो, बोअर मारता येते. कागदात जे लपवतात त्याने माणसं बरबाद होतात. सातबाऱ्यावरच्या "इतर अधिकार" या रकान्याकडे एजंट गिऱ्हाईकाला बघूच देत नाहीत. बोट ठेवतात ते मालकाच्या नावावर आणि क्षेत्रावर. खाली कुळाचं नाव असतं, बोजा असतो, वन कायद्याचा शेरा असतो, भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं लिहिलेलं असतं. वर्ग दोन म्हणजे सरसकट वाईट नव्हे, कुळकायद्यात मिळालेली जमीन असेल तर दहा वर्षं झाल्यावर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरून विकता येते, पण ते आधी करायचं असतं. मी असे खरेदीदार बघितलेत ज्यांना वर्ग दोन हा शब्द फेरफार नामंजूर झाल्यावर पहिल्यांदा ऐकायला मिळाला. एजंटला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता.

आणि सातबारा हा मालकी हक्काचा पुरावा नाही हो, तो महसुलाचा कागद आहे. जुने फेरफार उलगडल्याशिवाय आणि तीस वर्षांच्या नोंदणीचा शोध (सर्च) घेतल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नये.

दुसरा प्रकार, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकणं. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. मग एजंट म्हणतो साहेब तुम्ही काळजी करू नका, दाखला आपण करू. कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातला सातबारा जोडून माणूस एका रात्रीत शेतकरी होतो. हे करून देणाऱ्या एजंटला गिऱ्हाईक पेढे देतं. नंतर चौकशी लागली की जमीन सरकारजमा व्हायची वेळ येते आणि एजंटचा नंबर बंद.

तिसरा, सामाईक गटातले पाच-पाच गुंठे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात एवढा छोटा तुकडा बसत नाही म्हणून दहा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवायची आणि तोंडी सांगायचं हा कोपरा तुमचा. कागदावर कोपरा कुठेच नाही. नियम काही ठिकाणी अलीकडे सैल झालेत, पण आपल्या गटाला ते लागू आहेत का हे एजंटच्या तोंडून नाही, लेखी बघावं.


चाकरमानी_दादर:

भाऊसाहेब दंडवत. पण हे एजंट दफ्तरात रोज कशाला यायचे, कोऱ्या चहाला का? ;)


निवृत्त_भाऊसाहेब:

तुमचा रोख कळला. खात्यातही सगळे धुतल्या तांदळाचे नव्हते, एवढं पुरे.


सुरंगी:

मला एका चांगल्या एजंटबद्दल लिहायचंय, कारण सगळे शिव्याच घालतायत.

आमचं माहेर वेंगुर्ल्याकडे. आम्ही तिघी बहिणी, दोन भाऊ. बाबा गेल्यावर वारस तपासात पाचही नावं लागली. गणपतीत सगळे जमलेले असताना मोठ्या भावाने जेवणं झाल्यावर कागद काढले, हक्कसोडपत्र, म्हणाला रस्त्यात थोडी जागा जातेय, पैसे मिळायला सोपं म्हणून फक्त सही करा. आम्ही दोघींनी आरतीच्या गडबडीत वाचलं पण नाही, दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन नोंदवायचं ठरलं.

त्याच रात्री मला एका अनोळखी नंबरवरून फोन. म्हणाला ताई मी तुमच्या भावाच्या जागेचं गिऱ्हाईक आणलेला एजंट. रस्त्यात काही जात नाहीये, सगळी जागा विकायची चाललीय, सौदा एवढ्याला ठरतोय, तुम्हाला माहीत आहे का? तुम्हाला माहीत असल्याशिवाय मी पुढे जात नाही, उद्या तुम्ही कोर्टात गेलात तर माझं गिऱ्हाईक अडकेल. बघा, त्याने काही धर्मकार्य म्हणून नाही केलं, स्वतःच्या गिऱ्हाईकासाठीच केलं. पण केलं. भाऊ अजून त्याला घरभेदी म्हणतो आणि वाडीतले लोकही म्हणतात.

मुलीचा हक्क २००५ पासून कायद्यात आहे, वडील त्या तारखेला हयात असोत-नसोत हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. पण गावाकडे सौदा ठरवताना "बहिणींचं काय?" हा प्रश्न एजंट विचारत नाही, विचारला तर "त्या काय घेत नाहीत" या उत्तरावर भागवतो. माझ्या मते जमीन दाखवायच्या आधी सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला स्वतः फोन करणं हा एजंटचा पहिला नियम असला पाहिजे. पाणीबिणी नंतर.


तिखट_सोलकढी:

+१०० सुरंगी.


सनदवाली:

सुरंगी, अगदी. माझ्याकडच्या फायलींमध्ये बहिणींच्या सह्यांचे दावे ढिगाने आहेत आणि प्रत्येकात एजंट साक्षीदार म्हणून सही करून बसलेला असतो.


खाडीकाठचो:

ह्या सगळा खरा, पण एजंटाक एकट्याक कशाक गाळी घालतास? इकणारो आपलोच. मुंबैच्या झिलांका जमीन नको, पैशे व्हये. बापूस खाटेर पडलेलो, आणि ह्ये फोनार भाव इचारतत. एजंट काय आभाळातसून पडलो? आमच्याच वाडीतलो झील, बारावी झालो, नोकरी नाय, मोटारसायकल हा, मगे काय करतलो? समोरच्या डोंगराचो फोटो काढता आणि टाकता, "सी व्ह्यू".


आंबोळी:

सी व्ह्यू वरून आठवलं, आम्हाला मालवणजवळ एक सी व्ह्यू प्लॉट दाखवला. समुद्र कुठे विचारलं तर म्हणाला दादा, घर दुमजली बांधा, वर पाण्याची टाकी बसवा, टाकीवर चढलात की समोर!


हर्णैची_बोट:

दुसरी बाजू, समुद्र खरंच समोर असतो आणि मग बांधताच येत नाही. भरती रेषेपासून २०० मीटरचा पट्टा, सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम), ग्रामीण भागात बहुतेक ठिकाणी ना विकास क्षेत्र. जाहिरातीत "बीच टच" लिहितात ते खरं असतं, फक्त त्याच कारणाने तिथे संडास पण बांधता येणार नाही हे लिहीत नाहीत. खोटं एक अक्षर नाही आणि माणूस पूर्ण फसला. गडगेकरांच्या "नाही सांगितलं तर खोटं झालं का" याचं माझं उत्तर हेच.

शिवाय एअरपोर्ट. सिंधुदुर्गातलं चिपीचं विमानतळ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं, त्याच्या किती तरी आधीपासून "एअरपोर्टपासून वीस मिनिटं" चालू होतं. आता गोव्याचं मोपा विमानतळ पण झालं, मग सावंतवाडी-दोडामार्गातलं प्रत्येक रान "गोव्याला लागून".


कोकणी_वाघ:

मुळात बाहेरच्यांना विकायच्याच कशाला जमिनी? राजापूरकडे नाणारला काय झालं विसरलात? रिफायनरीची अधिसूचना यायच्या मागेपुढे कोणी कोणी जमिनी घेतल्या ते पेपरात आलंय सगळं. २०१९ ला प्रकल्प रद्द झाला, जमिनी गेल्या त्या गेल्या. आपलाच एजंट आपल्याच माणसाला पडेल भावात विकायला लावतो आणि आत काय शिजतंय ते त्याला आधी माहीत असतं. अशांना गावबंदी करा. आणि हे परप्रांतीय


पुणेरी_मी:

पुणे परप्रांतात कधी गेलं?


कोकणी_वाघ:

ज्याला लागायचं त्याला लागलं.


व्यवस्थापक:

दोन प्रतिसाद उडवले आहेत. प्रांत-भाषा यावर वेगळा धागा काढा (काढू नका खरं तर). विषय एजंटचा आहे.


हापूसवाला:

देवगडला हाच धंदा करतो, गडगेकरांपेक्षा जुना. इतका वेळ गप्प होतो पण आता आमची बाजू लिहितो.

एक जमीन विकली जायला वर्ष वर्ष जातं. दर शनिवार-रविवार पार्टी येते, त्यांना स्टॅंडवरून आणायचं, जेवण कुठे चांगलं मिळतं ते दाखवायचं, पोरांना बीचवर न्यायचं, पेट्रोल आमचं. दहा पार्ट्यांतली एक गंभीर, बाकी सहलीला आलेल्या. आणि जी गंभीर असते ती काय करते? माझ्यासमोर मालकाच्या मुलाचा नंबर घेते, "गणपतीचे फोटो पाठवा हं" म्हणून. महिन्याने कळतं खरेदीखत झालं. मी विचारलं तर मालक म्हणतो अरे ते तुझं गिऱ्हाईक नव्हतं, ते आमचे ओळखीचे निघाले. पुण्या-मुंबईची सुशिक्षित माणसं, रेरा-बिरा सगळं माहीत असलेली, आमचे दोन टक्के बुडवताना यांना नीतिमत्ता आठवत नाही.

म्हणूनच ओव्हर आलं. दोन टक्के देताना दोघांच्या जिवावर येतं, ओव्हर दिसत नाही म्हणून कोणाला दुखत नाही. मी ओव्हरचं समर्थन करत नाही, कारण सांगतोय.

आणि बावीचं म्हणाल तर मी सांगत नाही. विचारलं तर खोटं बोलत नाही. न विचारता विकणाऱ्याचा माल मी का पाडू?


पुणेरी_मी:

@हापूसवाला, टक्के बुडवणाऱ्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, आमच्यात तसे लोक आहेत. पण मग आधी कागद का करत नाही? साधं एक पान, जागा दाखवली तारीख अमुक, व्यवहार झाला तर एवढे देणार, सही. मी स्वतः मागितलं होतं तर एजंटच म्हणाला दादा आपल्यात कागद कशाला, विश्वासावर चालतं सगळं.


हापूसवाला:

कागद काढला की पार्टी बिचकते. करून बघा.


सनदवाली:

बिचकू दे. त्या एका पानात दोन ओळी अजून घाला, "मी दोन्ही बाजूंकडून मोबदला घेत आहे, दोघांनाही हे माहीत आहे", आणि "किंमत दोघांसमोर ठरेल". दोन्हीकडून घेणं मुळात बेकायदा नाही, लपवून घेणं घातक. आणि टोकन म्हणून एजंट स्वतःच्या खात्यात पन्नास हजार घेतात ते बंद करा, विसार थेट मालकाच्या खात्यात, चेकने, पावती, साठेखतात उल्लेख. एजंटच्या नावाने टोकन दिलेल्यांपैकी कितीतरी लोक माझ्याकडे फक्त गूगल पेचा स्क्रीनशॉट घेऊन येतात.

"विचारलं तर सांगतो" बद्दल, हापूसवाले, जोपर्यंत फक्त मालकाकडून घेता तोपर्यंत एक वेळ चालून जाईल. घेणाऱ्याकडूनही दोन टक्के घेतलेत की चालणार नाही.


मिऱ्याचा_वारा:

रस्त्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. भावाने लांज्याजवळ जागा घेतली, एजंटने मे महिन्यात दाखवली, गाडी थेट कलमाखाली जाऊन उभी राहिली. जूनमध्ये कुंपण घालायला गेला तर वाट नाहीच! ज्यातून गाडी गेली ते शेजाऱ्याचं भातशेत होतं, तरवा (भाताची रोपं) पेरलेला, शेजारी बांधावर कोयती घेऊन उभा. एजंट म्हणतो पूर्वापार वहिवाट आहे. वहिवाट होती ती माणसांची आणि गुरांची, ती पण पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) पलीकडून. मग मोजणी, नकाशा, तहसीलदारांकडे अर्ज, अजून चालू आहे.

तेव्हा हे लोक बाव नोव्हेंबरात दाखवतात आणि रस्ता मे महिन्यात.


आंबोळी:

शेवटचं वाक्य फ्रेम करून दुय्यम निबंधकांच्या दारावर लावा.


कातळवासी:

रस्त्याचं लपवणं वाईट, ते मान्य. पण रस्ता आणि बाव एका मापात मोजू नका. रस्ता नसेल तर जागाच नाही. बाव आटली तर बादली भरून ठेवायची सवय लागते.


सुरंगी:

बादली कोण भरतं ते पण लिहा कातळवासी. टँकर आला की पाइप धरायला बायकाच धावतात. त्या पुण्याच्या बाईंनी पाणी पिऊन बघितलं ते उगीच नाही.


निवृत्त_भाऊसाहेब:

मी मघाशी पाण्याला किरकोळ म्हणालो ते सुरंगीताईंच्या प्रतिसादानंतर जरा जड जातंय :)

जाता जाता, फ्लॅट किंवा मोठ्या प्लॉटिंगची जाहिरात असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराचा क्यूआर कोड त्यावर असायलाच पाहिजे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "फार्म हाऊस प्लॉट" वाल्या चित्रांवर तो शोधून बघा. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी प्रवर्तकाला (बिल्डरला) दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही, हेही एजंट सांगत नाहीत.


गडगेकर:

सगळ्यांचे आभार, धाग्याचं काश्मीर, म्हणजे भांडण, झालं तरी कामाचं बरंच मिळालं.

आज आजोबांकडे जाऊन आलो. कलम ५५ चं सनदवालींनी लिहिलेलं वाचूनच दाखवलं. आधी चिडले, म्हणाले तू माझा एजंट की त्यांचा, मी काय चोर आहे का, बाव माझ्या आज्याने खणली. आजी आतून म्हणाल्या की सांगून टाका, पुढच्या वर्षी ती बाई इथे उभी राहून आपल्याला शिव्या घालील. मग थोडं शांत झाले. शेवटी म्हणाले मी सांगणार नाही, तुला सांगायचं तर सांग, पण भाव पडला तर तुझ्या कमिशनमधून कापीन.

पुणेकरांना फोन केला. काका दोन मिनिटं गप्पच होते. मग त्यांनी विचारलं टँकर केवढ्याला पडतो, बोअर मारली तर पाणी लागेल का. मी म्हटलं शेजारच्यांनी मारली ती कोरडी गेलीय, पावसाचं पाणी साठवायची टाकी करावी लागेल, आमच्या वाडीत दोघांनी केलीय, बघायला या. रविवारी येतायत, बाई पण. भाव कमी मागतील असं वाटतंय. सातबाऱ्याचा प्रश्न नाही पण मिळकतीला मुलीचं नाव आहे का ते उद्या बघतो, सुरंगीताई तुमच्यामुळे आठवलं, मी आत्तापर्यंत फक्त मुलाशीच बोललोय.

आणि या व्यवहारात पैसे फक्त आजोबांकडून घेणार, पुणेकरांना तसं सांगितलं. पुढच्या सगळ्या व्यवहारांत जमेल की नाही माहीत नाही.


हापूसवाला:

एका बाजूचे दोन टक्के, त्यातून भाव पडला तर तेही कापणार. गडगेकर, जूनमध्ये पोरांची फी भरायची वेळ आली की परत या धाग्यावर लिहा, मी वाट बघतो. (कुचकट नाही, खरंच विचारतोय. जमलं तर मी पण करीन.)


पुणेरी_मी:

दोघांकडून घ्यायचेच नसतील तर एका बाजूचे तीन घ्या की. पुणेकर सांगतोय म्हणजे विचार करा.


चाकरमानी_दादर:

पुणेकराने स्वतःहून टक्का वाढवला, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.


मिऱ्याचा_वारा:

गडगेकर, लांज्याच्या बाजूला तुमच्यासारखा कोणी माहितीतला आहे का? भावाला ती जागा विकून टाकायचीय, रस्त्याची भानगड सांगूनच. व्यक्तिगत निरोप करा.